दानातली गाडी

नाशकातल्या एकाही गाडीवर माझा नवरा मावत नव्हता. हसू नका. सहा फूट चार इंचांच्या माणसाशी संसार करून बघा, मग खुशाल हसा.

आमचे हे, म्हणजे यज्ञेश्वर गायधनी, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ऑपरेटर आहेत. आम्ही दोघंच, पंचवटीत मालेगाव स्टँडच्या मागे भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. लग्नात आमच्यामध्ये अंतरपाट धरला होता, तर हे त्याच्यावरून माझ्याकडे बघत होते! भटजींनी दोनदा सांगितलं, नवरदेव, खाली बघा. खाली बघितलं तरी मीच दिसत होते, त्याला ते तरी काय करणार? सगळा मांडव खदखदून हसला आणि हे कानापर्यंत लाल झाले. बिचाऱ्यांचं आयुष्य असंच गेलंय. शाळेत बाकात पाय अडकायचे म्हणून जमिनीवर बसले. एसटीत कायम दाराशी उभे. मोरीतल्या आरशात यांना स्वतःची फक्त हनुवटी दिसायची, दाढी करायची तर गुडघे वाकवून. गल्लीतल्या सगळ्यांचे आकाशकंदील लावायला, जळके बल्ब काढायला मात्र हेच. कुणाला नाही म्हणणं माहीत नाही. दाराला वाक, पंख्याला वाक, माणसांशी बोलायला वाक, असं करता करता पाठीला चांगला पोक आला होता. मला त्या पोकाचा राग यायचा आणि मायाही तेवढीच यायची.

जुनी गाडी तर यांची वैरीण होती. वळण घेताना हँडल गुडघ्यावर आपटायचं, म्हणून हे गुडघे फाकवून चालवायचे. पंचवटी ते एकलहरे, जाऊन-येऊन रोज. शेवटी पाठ अशी धरायला लागली की, ड्यूटीवरून आले की मी हात देऊन खाली उतरवायचे. डॉक्टर म्हणाले, एक तर गाडी बदला, नाहीतर नोकरी. नोकरी बदलायचं यांचं वय नव्हतं, म्हणून आम्ही गाडी शोधायला निघालो.

महिनाभर नाशकातली शोरूम पालथी घातली. माझी परीक्षा साधी होती. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत, पाय फूटरेस्टवर ठेवल्यावर गुडघे टाकीच्या वर यायला नकोत आणि हँडल पूर्ण वळवलं तरी गुडघ्याला लागता कामा नये. सव्वाशे सीसीची, रोजच्या वापराची, पेट्रोल कमी पिणारी गाडी एवढं मागणं फार आहे का? तर एकही पास होईना. त्या गाड्या बनवणाऱ्यांनी उंच माणूस बघितलेलाच नसावा. एक पोरगा मला समजावत होता, "मॅडम, सरांनी थोडं मागे सरकून बसायचं."

"ते मागे सरकले तर मी कुठे बसू? नंबरप्लेटवर?"

मोठ्या गाड्या होत्या, त्यांवर हे राजासारखे दिसले. पण त्या आमच्या गल्लीत वळवायच्या कशा, आणि पेट्रोल कोण पाजणार? स्कूटरवर बसले तर गुडघे छातीला. हे दरवेळी उतरून म्हणायचे, "राहू दे गं उत्तरा, चालतं मला." या 'चालतं मला'नं माझं डोकं फिरायचं.

अशात विश्वेशचा फोन आला. विश्वेश माझा मामेभाऊ. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाघाटावर, दहावं, तेरावं असे विधी करतो. मला म्हणाला, "ताई, भाऊजींसाठी गाडी मिळाली का? येऊन बघ. माझे तर पायसुद्धा पोचत नाहीत."

गाडी त्याच्या दारात उभी होती. साधीच, सव्वाशे सीसीची, काळी. पण कुणीतरी तिचं हँडल उंच करून घेतलं होतं, सीट चांगली जाड भरून घेतली होती, फूटरेस्ट खाली आणि जरा मागे बसवले होते. हे बसले. टाचा टेकल्या. हँडल डावीकडे, उजवीकडे पूर्ण वळलं. मी वाकून बघितलं, गुडघ्याला कुठे काही लागत नव्हतं. वर पाहिलं तर यांचे डोळे भरून आले होते.

"ही माझ्याच मापाची आहे गं," हे म्हणाले.

ती गाडी दानातली होती. तेराव्याला गादी, छत्री, चपला देतात ना, गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर उपयोगी पडाव्यात म्हणून, तशीच ही. निफाडकडच्या लंकाबाई नावाच्या बागायतदारीण बाईंचा एकुलता एक मुलगा, ललित, संक्रांतीच्या सुमाराला तापानं गेला होता. लग्न व्हायचं होतं. तोही असाच उंच. लंकाबाईंनी इतर दानाबरोबर त्याची गाडी विश्वेशच्या हवाली केली. म्हणाल्या होत्या, "पोरगं कधी पायी चाललं नाय. आता तरी कशाला चालवू त्याला?" विश्वेशला गाडीचा उपयोग नव्हता आणि बहिणीला द्यायला त्याची ना नव्हती.

मला जरा कसंसं झालं, खोटं कशाला बोलू? पण यांचा चेहरा बघितला आणि म्हटलं, जाऊ दे. अपघाताची गाडी तर नाही ना.

गाडी नावावर करायची तर वारसाची सही लागते. फोन केला. लंकाबाई म्हणाल्या, या की रविवारी. मग रविवार, लांबचा रस्ता, हाताशी नवी गाडी! आम्ही हौसेनं त्याच गाडीवर निघालो. चांदोरीच्या पुढे गेल्यावर दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा लागल्या, घड भरलेले, हवेत औषधाचा वास. वाट विचारायला थांबा म्हणून मी यांच्या पाठीवर टकटक करत होते, आणि हे थांबलेच नाहीत. एका बांधावरून आत वळले, पुढे विहिरीला वळसा घातला आणि एका घराशी गाडी आली.

दारात कुत्रं होतं. ते भुंकलं नाही. उठून पुढच्या चाकाला नाक लावलं आणि गाडीच्या बरोबरीनं चालत शेडपर्यंत आलं. यांनीही गाडी सरळ शेडमध्ये, ट्रॅक्टरच्या शेजारी नेऊन लावली. तिथे लावा असं कुणीही सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला रस्ता कसा कळला हो?" मी विचारलं.

"कळला खरा," हे म्हणाले आणि स्वतःच जरा गोंधळले.

लंकाबाई बाहेर आल्या. बारीक चणीची, करारी बाई. त्या रडतील म्हणून मी मनाची तयारी करून गेले होते. त्या रडल्या नाहीत. यांच्याकडे मान वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "लय येळ केलास. हातपाय धू, ताट वाढते." मला मात्र 'या बाई, बसा.'

हे सवयीनं दारात वाकले आणि थबकले, कारण वाकायची गरजच नव्हती. ललितनं घर बांधताना सगळ्या चौकटी स्वतःच्या मापाच्या केल्या होत्या. बराच वेळ झाला तरी हे येईनात म्हणून मी आत गेले. बेसिनचा नळ तसाच वाहत होता. आरसा भिंतीवर उंच लावलेला, आणि हे त्याच्यासमोर ताठ उभे राहून स्वतःचा चेहरा बघत होते. मी नळ बंद केला तरी यांना कळलं नाही.

ताटात भरलं वांगं होतं. वांग्यानं यांच्या घशाला खाज सुटते, म्हणून आमच्या घरात वांगं येत नाही. मी तसं सांगायला तोंड उघडलं, तर यांनी ताटातलं संपवून आणखी मागून घेतलं. लंकाबाई म्हणाल्या, "खाऊ द्या हो, त्याच्या आवडीचं हाय." सही झाली. निघताना त्या यांना म्हणाल्या, "येत जा." हे लहान मुलासारखं 'हो' म्हणाले.

विश्वेशला हे सांगितलं तर तो पूजा टाकून उठला. "गाडी घेऊन गेलात? तिथे? अगं, बसनं जाता येत नव्हतं का?" मी म्हटलं, का रे बाबा, काय झालं? तर म्हणाला, "दान दिलेली वस्तू देणाऱ्याच्या दारात परत न्यायची नसते. ती निघाली की निघाली. तिच्यावर बसून कोणी परत आलं, तर आईनं काय समजायचं? आणि जो गेलाय त्यानं काय समजायचं?" मी त्याला वेड्यात काढलं. म्हटलं, तुझं पोथीतलं तुझ्याजवळ ठेव. पण त्या रात्री मला काही झोप लागली नाही.

यांची पाठ महिन्याभरात बरी झाली. देवाची शपथ, गोळी नाही की मालिश नाही. पोक गेला. गल्लीतली मोहिनी मला विचारते, "उत्तराताई, तुमचे मिस्टर आणखी उंच झाले का हो?" मी आनंदानं पेढे वाटायला हवे होते. पण यांची सुट्टी असली की हे निफाडला जायचे. मग सुट्टी नसतानाही, एकलहऱ्याहून ओढा गावावरून परस्पर. विचारलं तर म्हणायचे, "म्हातारी एकटी आहे गं. आणि गाडी आपोआप वळते."

पावसाळ्यात यांच्या अंगावर एक रेनकोट आला. मनगटापर्यंत बरोबर. मग बूट आले. अठरा वर्षं मी या माणसासाठी मापाचे बूट शोधत मेनरोड झिजवला, आणि ते असे घालून आले. कोणाचे, ते मी विचारलं नाही. पुढे चहात गूळ मागायला लागले. एकदा बोलता बोलता म्हणाले, "लय थकलो आज." यांच्या तोंडात 'लय'! मी चेष्टा केली, काय हो पाटील. यांना त्यात हसण्यासारखं काय आहे तेच कळलं नाही.

मग एक दिवस आल्यावर यांनी शर्ट काढला आणि दाराच्या बाजूला, उंचावर, सवयीनं अडकवला. आमच्या त्या भिंतीवर खुंटी नाही. शर्ट खाली पडला. हे बघत राहिले. मी उचलून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच अडकवला आणि पुन्हा पडला. तेव्हा मला खरी भीती वाटली. माझा नवरा रोज घरी येत होता आणि रोज थोडा कमी येत होता.

मीही काही हात बांधून बसणारी नाही. सुताराला बोलावून मोरीतला आरसा वर चढवून घेतला. मला त्यात शेंडीसुद्धा दिसेना, पण म्हटलं, मरू दे माझं तोंड. घरमालकाला विचारलं, दाराची चौकट काढून उंच करता येईल का? तो म्हणाला, वहिनी, वर बीम आहे. पलंगाला पायथ्याशी स्टूल जोडलं. हे आले तेव्हा मी हात धरून मोरीत नेलं. म्हटलं, बघा तरी. यांनी आरशाकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "दाढी तिकडेच करून आलोय."

मी भांडले. ताटं आपटली. म्हटलं, ती गाडी आधी विका. हे चिडले असते तर बरं झालं असतं. हे शांतपणे म्हणाले, "तिथे मला कुठे वाकावं लागत नाही गं."

"आणि माझ्यासाठी वाकलात ते?"

मी ओक्साबोक्शी रडले. हे शेजारी बसून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले, अनोळखी बाईच्या फिरवावा तसा, अवघडून.

वर्ष होत आलं. विश्वेशनं ललितच्या वर्षश्राद्धासाठी लंकाबाईंना फोन केला, आणि मग तो धापा टाकत माझ्याकडे आला. त्यांनी त्याला सांगितलं होतं, "श्राद्ध नाय करायचं, महाराज. जेवायला तर तो येतोय की. मग पिंड कुणाला द्यायचा?"

"ताई," विश्वेश म्हणाला, "त्यांनी त्याला गेलेला म्हणणंच सोडून दिलंय. आता दोघांतला एकच राहणार. तू भाऊजींना सोडवून आण." या वेळी मी त्याला वेड्यात काढलं नाही.

त्याच आठवड्यात दुपारी वीज केंद्रातून दीपकचा फोन आला. हा यांच्या पाळीतला. "वहिनी, गायधनींना बरं नाही का? ते आज आलेच नाहीत." सकाळी डबा घेऊन गेले होते. मी गॅस बंद केला, चपला घातल्या आणि औरंगाबाद नाक्यावर निफाडची एसटी पकडली. खिडकीतून गार वारा येत होता आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. लंकाबाईंना हे बोलीन, ते बोलीन, पायसुद्धा धरीन.

फाट्यावर उतरून चालत गेले. कुत्रं मला बघून भुंकलं. लंकाबाई ओट्यावर बसून जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे करत होत्या. घडांना ऊन लागू नये म्हणून ते गुंडाळतात. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "कोण पाहिजे, बाई?"

"मला ओळखलं नाही? मी उत्तरा. गायधनी. माझ्या माणसाला न्यायला आलेय."

त्या रागावल्या नाहीत. खरंच सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल कणव होती. "न्या की," म्हणाल्या. "मी काय बांधून ठेवलं हाय का कुणाला? तुमचा माणूस असल तर हाक मारा, यील."

बाग समोरच होती. बायका मांडवाखाली कागद लावत होत्या, आणि त्यांच्यात हे. इतरांच्या बागेत यांना दुमडून चालावं लागलं असतं, पण हा मांडवसुद्धा उंच होता. हे ताठ उभे होते, दोन्ही हात वर, घडाभोवती कागद गुंडाळत. चांगले दिसत होते. इतके चांगले मी त्यांना कधी पाहिलेच नव्हते, आणि माझे पाय जागीच थबकले.

"अहो!" मी हाक मारली.

बायकांनी वळून बघितलं. यांनी नाही.

"अहो, ऐकलंत का? मी आलेय!"

काही नाही. हे पुढच्या घडाकडे सरकले. मी नवऱ्याला नावानं कधी हाक मारलेली नाही. आमच्याकडे ती रीत नाही आणि मला आवडतही नाही. पण मी ओरडले, "यज्ञेश्वर!" सगळ्या बागेला ऐकू जाईल असं. एका बाईच्या हातातले कागद खाली पडले. हे वाकले, ते उचलून तिच्या हातात दिले आणि पुन्हा आपल्या कामाला लागले. बहिरे नव्हते. त्यांना ते नाव स्वतःचं वाटलंच नव्हतं. मी पुन्हा मारली हाक, पुन्हा मारली, घसा फाटेपर्यंत. लंकाबाई कागद फाडत होत्या. टर्र, टर्र.

माझ्या लक्षात आलं की आता मी गप्प बसून परत फिरले, तर हा माणूस मला पुन्हा दिसणार नाही. जुळवून आणलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली. मी पदर खोचला, डोळे मिटले आणि हाक मारली, "ललित!"

"आलो," हे म्हणाले.

लगेच. हातातलं सोडून, रुमालाला हात पुसत, लांब टांगा टाकत आले. हसत होते. माझ्यासमोर उभे राहिले आणि पाहुण्याकडे बघावं तसं आपुलकीनं माझ्याकडे बघितलं. लंकाबाईंनी मान वर केली. माझ्याकडे बघून हलकेच मान डोलावली, जणू मी त्यांच्या बाजूनं सही केली होती.

"ललित, बाई नाशकाच्या हायती. लांबून आल्यात. सोडून ये त्यांना गाडीवर. अन् जेवायच्या वक्ताला घरी ये."

"हो आई."

यांनी शेडमधून गाडी काढली. कुत्रं चाकाबरोबर चालत बांधापर्यंत आलं. मी मागे बसले. ती पाठ माझ्या ओळखीची होती. शर्ट मीच धुतलेला, कॉलरचं बटण मीच लावलेलं. मी दोन्ही हातांनी तो शर्ट घट्ट धरला. हायवेला लागल्यावर यांनी वेग कमी केला, मान जरा वळवली आणि विचारलं, "नाशकात कुठे सोडू तुम्हाला?"

अठरा वर्षांत यांनी मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

रडू आलं, ते गिळलं. म्हटलं, उत्तरे, आत्ता नाही. जेवायची वेळ व्हायला अजून अवकाश आहे. तेवढ्यात काय करता येईल ते कर.

"पंचवटीत," मी म्हटलं. "तुम्ही चला. रस्ता मी सांगते."